न दाखवलेला एपिसोड

भिंतीतून आरपार जाणारी बाई जमिनीतून खाली का पडत नाही, हा प्रश्न खरं तर मला सुचायला हवा होता. सीरियलचे चौदाच्या चौदा एपिसोड मी पाहिले होते. अंगात ताप असताना पाहिले होते, घरात पाहुणे बसलेले असताना पाहिले होते. आणि प्रश्न सुचला कोणाला, तर आमच्या ऑफिसात बदलून येऊन जेमतेम तीन आठवडे झालेल्या बाईला. डब्याच्या टेबलावर लोणच्याची फोड चोखता चोखता तिने तो सहज विचारला आणि सगळ्या बायका जेवायचं थांबून तिच्याकडे बघायला लागल्या. माझी मैत्रीणसुद्धा. तिने तर हातातला घास परत डब्यात ठेवला. त्या दुपारी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे वर्षभर दुखत होतं.

आंध्र आणि तेलंगणा असे राज्याचे दोन तुकडे होण्याच्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं सरकारी ऑफिस आबिड्सला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मी तिथे एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला होते, म्हणजे कोणाची रजा, कोणाची बढती, कोणाची बदली, सगळे कागद माझ्या टेबलावरून जायचे. त्या वर्षांत कपाटांवर चिठ्ठ्या चिकटल्या होत्या, हे कपाट इकडे, ते कपाट तिकडे. माणसांवर अजून चिठ्ठ्या लागल्या नव्हत्या, पण लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. पुरुषांच्या जेवणाच्या खोलीत दोन टेबलं झाली होती, एक तेलंगणावाल्यांचं आणि एक आंध्रवाल्यांचं. वीस-वीस वर्षं एकमेकांच्या डब्यात हात घातलेली माणसं पाठीला पाठ लावून जेवायची. बायकांच्या खोलीत टेबल एकच होतं आणि दुसरं ठेवायला जागा नव्हती. म्हणून आमच्या सुपरिंटेंडेंट मॅडमनी नियम केला की डबा उघडल्यापासून बंद होईपर्यंत राज्याचं नाव काढायचं नाही. मग बोलायचं कशावर? साड्या झाल्या, सुना झाल्या, आणि तेवढ्यात ती सीरियल आली.

मला लोक विचारायचे, तुम्ही मरहट्टे कोणत्या बाजूचे? आम्ही मराठवाड्यातली बौद्ध माणसं. आजोबा नांदेडकडून रेल्वेत कामाला आले आणि काचीगुड्यालाच राहिले. घरात मराठी, गल्लीत दख्खनी, ऑफिसात जमेल तशी तेलुगू, अशी आमची तिसरी पिढी. कागदोपत्री मी इथलीच, त्यामुळे मला कुठे जायचं नव्हतं आणि कोणी पाठवणारही नव्हतं. पण माझी मैत्रीण आंध्रातल्या तेनालीकडची. तिचं दोन्हीकडे होतं, नवऱ्याचं दुकान इथे आणि एकटी आई तिकडे. ती जाते की राहते, एवढाच माझा त्या दोन राज्यांशी संबंध होता.

सीरियल हिंदी होती, शनिवार-रविवार संध्याकाळची. एक बस दरीत पडते, तिघं वाचतात आणि तिघांनाही शक्ती येतात. कंडक्टरला लोकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं. एक रिटायर्ड मास्तरीणबाई भिंतीतून आरपार जाते. आणि एक नर्स एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकते. बाकी खलनायक, पाठलाग, हेलिकॉप्टर, जे असतं ते सगळं होतं. आमच्या टेबलाला हेलिकॉप्टरशी काही देणंघेणं नव्हतं. दर सोमवारी तिथे मतं मांडली जायची आणि ती फक्त शक्तींवर. टायपिस्टबाईचं मत होतं की मनातलं ऐकणारा नवरा "नक्को अम्मा, है सो बहिराच अच्छा." मॅडम म्हणायच्या, कंडक्टरने आधी विनातिकीटवाले धरावेत, जग नंतर वाचवावं. कोणी म्हणे, मास्तरीणबाईने भिंतीत शिरताना पदर खोचायला पाहिजे, नाहीतर अर्धा पलीकडे राहायचा.

नर्सवर मात्र कोणी हसायचं नाही. नर्सचा विषय निघाला की आवाज चढायचे. एक म्हणायची, बाईने एका जागी असावं, दोन दगडांवर पाय ठेवून कोणाचं भलं झालंय? दुसरी म्हणायची, तिची माणसं दोन्हीकडे आहेत, तर तिने काय स्वतःला मधोमध चिरून घ्यावं? मग मॅडम डब्याच्या झाकणावर चमचा आपटायच्या. राज्याचं नाव कोणीच काढलेलं नसायचं, पण त्या दिवशी पुढे कोणी लोणचं मागायचंही नाही.

आणि ही सगळी मतं माझ्या सांगण्यावर उभी असायची. टेबलावरच्या निम्म्या बायकांनी सीरियल पाहिलेलीच नसायची, सोमवारी मी सांगायची आणि त्यांनी भांडायचं, अशी रीत होती. माझी मैत्रीण त्यांच्यातलीच. तिच्या सासूच्या हातून रिमोट सुटत नव्हता, त्याच वेळी तिकडे तेलुगू सीरियल लागायची. अठरा वर्षं मी तिला गोष्टी सांगत आले होते. सिनेमे सांगितले, नवऱ्याशी झालेली भांडणं सांगितली, बाळंतपण सांगितलं. मी दख्खनीत सांगायची, मध्ये मराठी घुसायची, आणि ती हनुवटीला हात लावून ऐकायची. "फिर क्या हुआ अक्का?" असं तिने विचारलं की मला हुरूप यायचा. माझ्या डब्यात अंबाडीची भाजी, तिच्या डब्यात गोंगूऱ्याची चटणी, म्हणजे पाला एकच. आम्ही डबे बदलून खायचो आणि आपापलीच चांगली असं म्हणायचो. मी छान सांगते याचा मला गर्व होता, लपवत नाही. ती छान ऐकते हे मात्र कधी मनातही आलं नाही.

ती नवी बाई गुंटूरकडच्या एका जिल्हा ऑफिसातून आली. विभागणीच्या आधी याद्या नीट लावायला माणसं हवी होती, म्हणून तिला इकडे आणलं होतं. पस्तिशीची असेल, बारीक चणीची, हळू बोलणारी. ती सीरियल बघायची, आणि बघताना विचार करायची, हा तिचा गुन्हा. जमिनीतून का पडत नाही या प्रश्नावर आठवडाभर वाद झाला. टायपिस्टबाई म्हणाली, चपलेत काहीतरी असेल. मॅडम म्हणाल्या, सीरियलवाल्यांना एवढं डोकं नसतं. मी म्हणाले की पुढच्या एपिसोडमध्ये सांगतील, म्हणजे मी काहीच म्हणाले नाही. मग ती नवी बाई म्हणाली, "तिला भिंत नको असते म्हणून भिंत लागत नाही. जमीन हवी असते म्हणून जमीन लागते. शक्ती म्हणजे दुसरं काय असतं?" तेलुगूत म्हणाली, त्यामुळे ते आणखीच बरं वाटलं. माझी मैत्रीण "अब्बा!" म्हणाली, म्हणजे आपलं 'अगंबाई'. अठरा वर्षांत माझ्या कुठल्या गोष्टीला तिने "अब्बा" म्हटल्याचं मला आठवेना.

उत्तर चांगलं होतं. तेच तर सोसत नव्हतं. वाईट असतं तर मी हसले असते आणि विषय संपला असता.

पुढच्या सोमवारी मैत्रीण टेबलाच्या पलीकडे, नव्या बाईशेजारी जाऊन बसली. "इधर हवा आती अक्का," म्हणाली. पंखा खोलीच्या बरोबर मधोमध होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दोघी तेलुगूत बोलायला लागल्या की मला शब्द कळायचे पण वेग पकडता यायचा नाही. हसू आलं की ते कशाला आलं हे विचारावं लागायचं, आणि विचारून घेतलेलं हसू मला नको होतं. नव्या बाईवर मी सूड कसा उगवला ते सांगते, म्हणजे माझी लायकी कळेल. तिने दोन दिवसांची रजा मागितली तेव्हा अर्जावर तारीख टाकायची राहिली होती. दुसऱ्या कोणाचा असता तर मी हाक मारून टाकून घेतली असती. तिचा अर्ज मी शेरा मारून, मॅडमच्या सहीने, रीतसर परत पाठवला. ती आली, तारीख टाकली, "सॉरी अक्का" म्हणाली आणि वर मला आपल्या अनारशासारखा गुळाचा अरिसा देऊन गेली. अरिसा मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मुंग्या लागेपर्यंत काढला नाही.

घरी मी तिच्याबद्दल इतकं बोलायला लागले की एक दिवस नवरा म्हणाला, "ती बाई आपल्याकडे राहायला आली आहे का?" मी म्हणाले, "मला तिचं काय पडलंय!" तो म्हणाला, "तेच विचारतोय." मी त्याला दुसऱ्या दिवशी डब्यात चटणी दिली नाही.

एक गोष्ट अजून माझी होती, ती म्हणजे संध्याकाळचं चालणं. ऑफिस सुटलं की आम्ही दोघी आबिड्सहून सुलतान बाजारातून चालत कोटीच्या बस स्टॉपपर्यंत जायचो. तिथे ती बस धरायची आणि मी पुढे काचीगुड्याला जायची. नवी बाई उलट्या दिशेला राहायची. एका सोमवारी चालताना मी मैत्रिणीला म्हणाले, "टेबलावर सांगितलं ते अर्धंच होतं. खरं ते नर्सचं. तिथे सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं." ती थांबली. "फिर?" म्हणाली. बांगड्यांच्या दुकानासमोर, माणसांचे धक्के खात, मी तिला एक भाग सांगितला. तो भाग कोणत्याही टीव्हीवर कधीही लागलेला नव्हता.

मी सांगितलं की ती नर्स आता कायमची दोन झाली आहे. एक इथेच शहरात, दवाखान्यात राहिली. दुसरी एका सोबतिणीबरोबर आईच्या गावाला निघून गेली. गेलेली हळूहळू विसरत चालली आहे. आधी वॉर्डाचा नंबर विसरली, मग गल्ली, मग आपल्याबरोबर डबा खाणाऱ्या बाईचा चेहरा. आणि राहिलेलीचा आवाज रोज थोडा थोडा कमी होतो आहे. हे मी एका दमात नाही, रोज थोडं थोडं सांगितलं, दोन आठवडे पुरवलं. खोटं बोलते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. सीरियलवाल्यांना सुचलं नाही ते मी करते आहे, एवढंच वाटत होतं. एकदा तर ऐकण्याच्या नादात तिची बस गेली, आणि ती धावलीसुद्धा नाही. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन सगळ्यांना भजी करून घातली.

मग तिने मत दिलं. एवढी वर्षं ती टेबलावर फार बोलायची नाही, ऐकायची. त्या दिवशी कोटीच्या स्टॉपवर उभी राहून म्हणाली, "अक्का, जो गई वोइच असली है." मी विचारलं, कसं काय? ती म्हणाली, राहणारीला काहीच करावं लागत नाही, ती नुसती असते. जाणारीला विसरावं लागतं, आणि विसरायला किती त्रास होतो ते राहणारीला कळणार नाही. मला हे अजिबात पटलं नाही. आवाज कोणाचा जातो आहे? राहिलेलीचा! मी बस येईपर्यंत भांडले, मीच रचलेल्या नर्ससाठी. बसमध्ये चढतानाही ती मान हलवून "नक्को, नक्को" करत होती.

त्यानंतरच्या सोमवारी टेबलावर नर्सचा विषय निघाला, नेहमीसारखे आवाज चढले, आणि माझी मैत्रीण मध्येच म्हणाली, "पण ती विसरत चाललीय ना? डबा खाणाऱ्या बाईचा चेहरासुद्धा विसरली." मॅडम म्हणाल्या, "कौन भूल गई? कब?" नवी बाई म्हणाली, "असा एपिसोड तर आला नाही. मी सगळे पाहिलेत." तिच्या बोलण्यात खोच नव्हती, ती खरंच गोंधळली होती. टायपिस्टबाई हसायला लागली, "सपने में देखे क्या?" आणि मग सगळ्याच हसल्या. मैत्रिणीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी डब्यात भाकरीचा तुकडा शोधत होते. मग ती म्हणाली, "मेरी सास की सीरियल में का होगा. मिक्स हो गया." आणि पाणी प्यायली.

तिने मला वाचवलं. माणसाला अशा वेळी शरम वाटायला पाहिजे. मला वाटली ती भीती, की आता ती मला काही विचारणार नाही. जेवणानंतर नळावर डबा धुताना नवी बाई शेजारी आली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "अक्का, तो भाग तुमचा ना? सीरियलपेक्षा चांगला आहे. पुढचा मलाही सांगा." तिने हे कोणालाच सांगितलं नाही, पुढेही कधी सांगितलं नाही. ती वाईट असती तर माझं किती सोपं झालं असतं! चांगल्या माणसाचा मत्सर करायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी आपणच वाईट.

चालणं सुरू राहिलं, पण "फिर क्या हुआ" बंद झालं. आम्ही भाज्यांचे भाव बोलायचो, तिच्या आईच्या गुडघ्यांचं बोलायचो. मी तिची माफी मागितली नाही आणि तिने विषय काढला नाही.

अशात ऑप्शन फॉर्म आले. ज्यांचं दोन्हीकडे होऊ शकत होतं त्यांनी कोणत्या राज्यात नोकरी करायची ते लिहून द्यायचं होतं, आणि ते फॉर्म माझ्याच टेबलावर जमा व्हायचे होते. नव्या बाईने पहिल्याच दिवशी आंध्र लिहून दिलं. मैत्रिणीच्या नवऱ्याने तिला सांगितलं होतं, नोकरी तुझी, तू ठरव, दुकान काय, कुठेही मांडता येईल. नवी बाई रोज तिच्या मागे लागली होती. तिकडे सुरुवातीला दोघींत मिळून दोन खोल्या घेऊ, रविवारी तुझ्या आईकडे जाऊ, चल म्हणते ना. टेबलावर सगळ्यांदेखत हात धरून म्हणायची. मी बघत होते. मैत्रीण गेली तर नुसती जाणार नव्हती, हिच्याबरोबर जाणार होती.

फॉर्म द्यायच्या आदल्या संध्याकाळी, गुरुवार होता, आम्ही सुलतान बाजारातून चाललो होतो. पुस्तकांच्या दुकानांपाशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "तुम बोलो अक्का. जाऊँ क्या, नक्को जाऊँ?"

इथे मला आमच्या घरच्या तेलुगूबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीतल्या मराठी माणसांची तेलुगूची किल्ली एकच. साधा शब्द येत नसेल तर संस्कृत शब्द घ्यायचा आणि त्याच्या शेवटी 'म्'चा अनुस्वार लावायचा. पुस्तकचं पुस्तकं, प्रश्नचं प्रश्नं, अभिप्रायचा अभिप्रायं. दहातल्या आठ वेळा दार उघडतं. माझी नोकरीची वीस वर्षं त्या किल्लीवर निघाली होती. आणि मैत्रिणीशी मी अठरा वर्षं दख्खनीत बोलत आले होते, तिथेच बोलायला हवं होतं. पण ती हळू बोलणारी बाई तिच्याशी रोज कशी छान, शुद्ध तेलुगूत बोलायची! मलाही येतं, हे मला त्या घडीला दाखवायचं होतं. शिवाय मी काही तिच्यासारखी हात धरून मागे लागणारी नाही, हेही दाखवायचं होतं. मला म्हणायचं होतं, माझा काही आग्रह नाही, तुला हवं ते कर. मी मान ताठ करून म्हणाले, "ना आग्रहं एमी लेदु."

तिचा चेहरा जरा बदलला. मी अजून काही बोलेन म्हणून तिने वाट पाहिली. मग म्हणाली, "सरे अक्का." ठीक आहे.

घरी माझी मुलगी दहावीचा तेलुगूचा धडा घेऊन बसली होती. मराठी ती अक्षराला अक्षर लावून वाचते, तेलुगू धडाधड वाचते, यावर आमचं नेहमी भांडण. चहा पिता पिता मी तिला माझं वाक्य सांगितलं, जरा मिरवायलाच सांगितलं. ती हसायला लागली. "मम्मी, आग्रहं म्हणजे राग. मोठा राग, देवाबिवाचा असतो तसा. तू म्हणालीस, माझा काही राग नाही." मी म्हणाले, आग्रहाला तेलुगूत काय म्हणतात? ती विचार करून म्हणाली, तसा शब्दच नाही वाटतं, शाळेत तरी आला नाही.

आमच्याकडे जेवणारा नको म्हणत असताना तिसरी भाकरी ताटात पडली नाही, तर तो घरी जाऊन सांगतो की मला वाढलंच नाही. तिने मला विचारलं होतं, आणि मी तिला सांगितलं होतं की मी रागावलेले नाही. ज्या बाईने मला सगळ्यांच्या हसण्यातून वाचवलं, तिला मी उलट माफी दिल्यासारखं बोलले होते. आणि तेही खोटं, कारण राग तर होताच. उद्या सकाळी जाऊन सांगायचं, मी ठरवलं. शब्द चुकला म्हणायचं, हसायचं, आणि मग जे म्हणायचं आहे ते म्हणायचं.

शुक्रवारी मी लवकर गेले. व्हरांड्यात त्या दोघी उभ्या होत्या. नवी बाई काहीतरी सांगत होती आणि माझी मैत्रीण हनुवटीला हात लावून ऐकत होती. मी त्यांच्या शेजारून गेले, थांबले नाही. जागेवर येऊन बसले आणि रजिस्टर उघडलं. आदल्या दिवशी मला शब्द माहीत नव्हता हे खरं आहे. शुक्रवारी सकाळी दहा वाजता मला शब्द माहीत होता.

अकरा वाजता शिपायाने फॉर्मांचा गठ्ठा आणून ठेवला. मैत्रिणीचा तिसरा होता. राज्याच्या रकान्यात निळ्या शाईत तेलंगणा लिहिलेलं होतं, तिच्या त्या गोल, सावकाश अक्षरात. त्याच्यावर एक सरळ रेघ मारली होती आणि वर काळ्या पेनने आंध्र लिहिलं होतं. खाली तारीख निळ्या शाईतच होती, बुधवारची. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी पुस्तकांच्या दुकानांपाशी तिने मला विचारलं, तेव्हा हा कागद भरून तिच्या पर्समध्ये होता. तिचं ठरलेलं होतं. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

खाडाखोड असली की बाजूला पूर्ण सही घ्यायची, हा नियम. तिने केलेली नव्हती. नव्या बाईचा रजेचा अर्ज मी परत पाठवला होता तसा हाही शेरा मारून पाठवता आला असता. मी कागद घेऊन स्वतः तिच्या सेक्शनला गेले. नवी बाई तिच्या टेबलाशीच होती. मी रकाना दाखवला. मैत्रिणीने आपलं पेन शोधलं, सापडेना, तेव्हा नव्या बाईने आपलं पुढे केलं आणि काय कळलं तिला कोण जाणे, उठून खिडकीकडे गेली.

मैत्रिणीने पेन कागदाजवळ नेलं, पण टेकवलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तोपर्यंत तिला न झालेल्या गोष्टी दोन दोन आठवडे सांगितल्या होत्या. आता दोनच शब्द लागत होते आणि ते दख्खनीत होते, चुकायची भीतीसुद्धा नव्हती. नक्को जा. पण पेन काळं होतं, त्या बाईचं होतं, आणि मला त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. मी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पूरी साइन करो. इनिशियल चलता नहीं."

तिने पूर्ण सही केली.